आधी सह्या, मग मीटिंग

गेटला कुलूप होतं आणि ते आम्ही लावलेलं नव्हतं.

आमचं कुलूप पितळी, मोठं. हे साखळीचं होतं, सायकलला लावतात तसलं. पोरांनी बाहेरून लावलं होतं आणि गेटवर पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती, 'फीवाढ रद्द करा, रीडिंग रूम चालू करा'. सत्तर-ऐंशी पोरं-पोरी बाहेर रस्त्याच्या कडेला सतरंज्या टाकून बसलेल्या. आत आम्ही सगळा स्टाफ. सकाळचे साडेदहा वाजले होते. फेब्रुवारी संपत आला की चिखलीत त्या वेळेलाही ऊन चटका देतं.

प्रभारी प्राचार्य तायडे सर खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. प्रभारी म्हणजे सह्या सगळ्या करायच्या, पण खुर्चीला पाठ टेकवायची नाही.

"वायाळ," ते म्हणाले, "यांच्या मागे कोण आहे?"

कॉलेजात काहीही झालं की आमचा पहिला प्रश्न हाच. मी म्हटलं, "बघतो सर." खरं म्हणजे मीही सकाळपासून तेच बघत होतो. सतरंज्या कोणत्या मंडपवाल्याच्या आहेत, माइक कोणी दिला, पाण्याचा जार कोणाच्या गाडीतून उतरला.

मी त्या कॉलेजात ओएस होतो. ओएस म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडंट, सोप्या भाषेत हेडक्लार्क. कॉलेजचं नाव सांगत नाही. रिटायर झालो तरी काही भीती अंगातून जात नाहीत. एवढी वर्षं ऑफिसात काढली की माणूस संशयी होतो. पोरगा आजारी असल्याचं सर्टिफिकेट आणतो, आपण आधी डॉक्टरचा शिक्का बघतो आणि मग पोराकडे. बायको म्हणते, देवळात गेले तरी तुम्ही पुजाऱ्याकडे असे पाहता, जसा काही त्यानं तुमचा नारळ बदलला.

आता भांडण काय होतं ते सांगतो. संस्थेनं त्या वर्षी खर्चकपात काढली. संस्था म्हणजे कॉलेज चालवणारं मंडळ, आणि मंडळ म्हणजे सचिव भाऊसाहेब. रीडिंग रूम दुपारी एक वाजता बंद. लॅब असिस्टंट रिटायर झाले, त्यांची जागा भरली नाही, म्हणून सायन्सचे प्रॅक्टिकल आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. तासावर शिकवणारे दोन मास्तर कमी केले. एवढ्यावर थांबले असते तर पोरं कुरकुरून गप्प बसली असती. पण महिन्याभरात नोटीस लागली की प्रयोगशाळा शुल्क आणि विकास शुल्क वाढवलं आहे, ते भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेतला जाणार नाही.

नोटीस बोर्डासमोर एक पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, "प्रॅक्टिकल कमी केले अन् प्रॅक्टिकलची फी वाढवली. हे कोनतं गनित हाय, कोनी सांगता का मले?"

ती प्रतीक्षा काकडे. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिली. गाव डोणगाव, इथं होस्टेलला राहायची. वडिलांची डोणगावात पिठाची गिरणी.

बारा वाजता गेट उघडलं आणि पाच जणांचं शिष्टमंडळ आत आलं. पुढं प्रतीक्षा, तिच्याबरोबर रोहित. रोहित चिखलीचाच, आवाज मोठा, माइक नसला तरी चालतो. त्यांनी निवेदन टेबलावर ठेवलं. मी ते उलटं असतानाच वाचलं, ती सवयच आहे. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. लिहिलं होतं, 'फीवाढीला सीडीसीची मंजुरी लागते. तो ठराव आम्हाला दाखवावा.'

सीडीसी म्हणजे कॉलेज डेव्हलपमेंट कमिटी. कॉलेजचे मोठे निर्णय तिच्यापुढं यावे लागतात. तिच्यात संस्थेचे लोक असतात, प्राध्यापक असतात, गावातले दोन-चार प्रतिष्ठित असतात आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो. त्या वर्षीची विद्यार्थी प्रतिनिधी होती प्रतीक्षा. पहिली आली म्हणून आम्हीच नेमली होती.

तायडे सर तयारीत होते. सकाळीच भाऊसाहेबांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी सकाळीच माझ्या कपाटातून मागवून घेतलेलं सीडीसीचं रजिस्टर ड्रॉवरमधून काढलं, खुणेचं पान उघडलं आणि एका सहीवर बोट ठेवलं.

"ठराव आहे. आणि तुमच्याच प्रतिनिधीच्या संमतीनं झालाय. ही सही कोणाची?"

प्रतीक्षा वाकली. सही नीट बघितली. मग म्हणाली, "सही माहीच हाय सर. पन मी अशा मीटिंगले कधी बसलीच नाही."

"मग सही काय आपोआप उमटली?"

रोहितनं तिच्याकडे बघितलं. "सही तुही अन् मीटिंग कोनाची? तुले आधीपासून मालूम होतं काय?"

"नव्हतं मालूम."

"मंग हे काय हाय?"

तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दाराजवळ फाइल छातीशी धरून उभा होतो. दोन सेकंद पाहिलं असेल. मी फाइलीची नाडी बांधायला लागलो. ती आधीच बांधलेली होती.

त्या मीटिंगचं खरं असं की ती झालीच नव्हती. ते पान मी आदल्या शुक्रवारी, नोटीस लागून गेल्यावर, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं होतं.

हे ऐकून कोणी दचकेल म्हणून आमच्या ऑफिसची पद्धत सांगतो. काही वर्षांपूर्वी वरून तपासणी आली. त्यांनी मीटिंगांची इतिवृत्तं मागितली. इतिवृत्त म्हणजे मीटिंगमध्ये कोण होतं आणि काय ठरलं याचा लेखी वृत्तांत. आमच्याकडे निम्मी नव्हती, कारण मीटिंगाच झाल्या नव्हत्या. डॉक्टर मेंबरला पेशंट, व्यापारी मेंबरला मोंढ्यातला बाजार, प्राध्यापक मेंबरला पेपर तपासणी. कोणालाच वेळ नाही. तेव्हा मी युक्ती काढली. वर्षाच्या सुरुवातीलाच रजिस्टर घेऊन शिपाई नामदेव सगळ्यांच्या दवाखान्यात, दुकानात फिरायचा. पानाच्या खालच्या भागात नावं लिहिलेली, त्यांच्यापुढं सह्या. वरचा भाग कोरा. चार मीटिंगांची चार पानं. मग वर्षभरात जसा ठराव लागेल तसा मी वर लिहायचा. ठराव मोठा असला की अक्षर बारीक, छोटा असला की मोकळं. शेवटची ओळ बरोबर सह्यांच्या वर येऊन थांबायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. आम्ही याला खोटं म्हणतच नव्हतो. आमच्यात त्याला 'पूर्तता' म्हणत.

तारीख टाकायचाही माझा नियम होता. कॅलेंडर बघायचं. रविवार नको, सण नको, सुट्टी नको. भाऊसाहेब फोनवर म्हणाले, "जानेवारीतली कोन्तीबी टाका, नोटिशीच्या आधीची." मी जानेवारीतला एक चांगला बुधवार बघून टाकला, वेळ दुपारी तीन.

प्रतीक्षाची सही मी स्वतः घेतली होती. ऑगस्टमध्ये ती बोनाफाइड न्यायला आली होती. माझ्या नातवाच्या बारशाचे पेढे टेबलावर होते. मी म्हटलं, "अगं, तू प्रतिनिधी झालीस ना? अभिनंदन. या चार ठिकाणी सह्या कर."

तिनं पेन घेतलं आणि विचारलं, "सर, वाचू का आधी?"

मी हसलो. "कोरं पान काय वाचशील? सही कर अन् पेढा घे."

तिनं चार सह्या केल्या, पेढा घेतला, वाकून नमस्कारही केला.

तर तायडे सरांच्या केबिनमध्ये ती माझ्याकडे पाहत होती तेव्हा मला हे सगळं आठवलं आणि एकच विचार आला, की ही आता मला अडकवणार. पण ती बोलली नाही. शिष्टमंडळ निघून गेलं. माझा संशय दुप्पट झाला. बोलली का नाही? काहीतरी मनात धरून बसली असणार. इंटर्नल मार्क? फी माफी? फुकट कोण गप्प बसतं, असं मी समजायचो.

आंदोलन त्याच दिवशी दुपारी फुटलं. भाऊसाहेबांना तेच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सतरंज्यांवर निम्मीच पोरं होती, आणि त्यांच्यातली निम्मी प्रतीक्षाबद्दल बोलत होती. तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. कोणी म्हणे तिची फी माफ झाली, कोणी म्हणे तिला संस्थेच्या शाळेत नोकरी कबूल केली आहे. होस्टेलच्या पोरी तिच्यासोबत मेसला जाईनात. ती एकटी वर्गात यायची, पहिल्या बाकावर बसायची, तास संपला की निघून जायची. मी ऑफिसच्या खिडकीतून बघायचो. वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण माझे रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते आणि पेन्शनचे कागद संस्थेच्या सहीशिवाय हलत नाहीत. वाईट वाटणं मी खिडकीपर्यंतच ठेवलं.

इकडे भाऊसाहेबांना वेगळाच किडा चावला. त्यांनी मला बंगल्यावर बोलावलं.

"वायाळ, पोट्ट्यायले सीडीसी कोनं शिकवली?"

"माहीत नाही साहेब."

"घरातलाच कोनीतरी हाय. रजिस्टर तुमच्या कपाटात, चावी तुमच्या खिशात. म्या काय समजू?"

म्हणजे आता संशय माझ्यावर. मी परत आलो आणि तोच संशय जसाच्या तसा मिसाळ मॅडमवर टाकला. मिसाळ मॅडम आमच्या परीक्षा विभागात, ज्युनियर क्लार्क, माझ्या शेजारच्या टेबलाला. पोरं त्यांच्याशी मोकळी बोलत. मी कपाटाला दुसरं कुलूप लावलं. झेरॉक्स मशीनवरचा आकडा सकाळी आणि सायंकाळी डायरीत लिहायला लागलो. त्या डबा खायला गेल्या की त्यांच्या टेबलावरचे कागद तिरक्या नजरेनं बघायचो. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा बंद केला आणि सरळ विचारलं.

"सर, माझ्यावर काऊन पाळत ठेवून राह्यले?"

मी आडपडदा ठेवला नाही. "पोरांना सीडीसीबद्दल कोणी सांगितलं?"

"आपल्या वेबसाइटनं," त्या म्हणाल्या. "कमिटीची यादी, तिचे अधिकार, सगळं टाकलंय. तपासणीच्या वेळी तुम्हीच टाइप करून दिलं होतं. खाली तुमचं नाव आहे, माहिती संकलन म्हणून."

मी मोबाइलवर उघडून बघितलं. होतं. फोटोसकट होतं. त्या दिवशी मी झेरॉक्सचा आकडा लिहिला नाही.

शनिवारी सकाळी प्रतीक्षाचे वडील आले. पांढरा शर्ट, पायजमा, बाहीच्या घडीत पिठाची भुकटी तशीच बसलेली. मागं प्रतीक्षा, हातात बॅग. ते खिडकीशी न थांबता आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, पोरीचा दाखला पाह्यजे."

"काकडे, परीक्षा दोन महिन्यांवर आली."

"नाई द्यायची परीक्षा. गिरनीवर दळन घेऊन येनारा हरेक मानूस इचारते, काऊन हो, तुमच्या पोरीनं सही इकली म्हन्ते? म्या काय सांगू? तीन साल शिकवलं. आता पुरे झालं. दाखला द्या, तिले घेऊन जातो."

"बाबा, तेवढी परीक्षा त देऊ द्या," प्रतीक्षा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"अन् कोनासोबत बसून देशीन? कोन बोलते तुह्याशी अठी?"

दाखला म्हणजे टीसी. टीसी दिली की विद्यार्थी कॉलेजातून संपला. पुस्तक माझ्या ड्रॉवरमध्येच होतं. मी तिची फाइल काढली. जन्मतारीख, प्रवेशाची तारीख उतरवून घ्यायला पानं उलटायला लागलो. बोनाफाइड, मार्कशीट, जातीचा दाखला, आणि त्याखाली एक सर्टिफिकेट. कॉलेजचं श्रमदान शिबिर, मौजे सुलतानपूर, सात दिवस पूर्णवेळ सहभाग. खाली तायडे सरांची सही. टाइप केलेलं मीच. शिबिराच्या साठ पोरांची सर्टिफिकेटं मी एका बैठकीत काढली होती.

मी तारखा वाचल्या. मग परत वाचल्या. माझा तो चांगला बुधवार बरोबर शिबिराच्या मधोमध येत होता. मी रविवार बघितला होता, सण बघितला होता. सुलतानपूर बघितलं नव्हतं.

आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तायडे सरांचं बोट सहीवर होतं, सगळ्यांची नजर बोटावर होती. तारीख कोणी वाचलीच नव्हती.

मी फाइल मिटली. "काकडे, टीसीचं पुस्तक संपलंय. नवं सोमवारी येईल. सोमवारी या."

'सोमवारी या', 'उद्या या', 'साहेब नाहीत' ही आमची हत्यारं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यातलं एक कोणाच्या भल्यासाठी वापरलं. ड्रॉवर गुडघ्यानं आत ढकलला.

काकडे चिडले, पण गेले, जीप स्टँडवर उभी आहे का बघायला. प्रतीक्षा बॅग उचलायला मागं राहिली. मला राहवलं नाही.

"तू त्या दिवशी बोलली का नाहीस? कोऱ्या पानावर सही घेतली म्हणून सांगायचं होतंस. माझं नाव घ्यायचं होतंस."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, हेच मला सहन होईना.

"मी सांगितलं असतं त कोनं ऐकलं असतं सर? चोर त असंच म्हन्ते, म्हटलं असतं लोकायनं. मले वाटलं तुमी सांगसान. तुमी तठीच उभे होते ना. आज सांगतीन, उद्या सांगतीन, म्हून मी थांबली."

बाहेरून वडिलांनी हाक मारली. ती गेली.

मी मोजतो माणसं. तो माझा धंदाच आहे. कोण कशासाठी गप्प बसलं, कोणाला काय पाहिजे. ही पोरगी माझ्यावर विश्वास ठेवून गप्प बसली असेल, हे मोजमापात कुठंच आलं नाही. लाज वाटली मला. बोनाफाइडसाठी तीन जण खिडकीशी उभे होते आणि मला डोळे पुसायला रुमाल सापडेना.

दुपारी मी तायडे सरांपुढं दोन्ही कागद ठेवले. रजिस्टर आणि सर्टिफिकेट. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, परत घातला.

"वायाळ, हे कोणी बघितलं का?"

"मी बघितलं."

"तेवढंच ना? मग झालं." त्यांनी तिथूनच भाऊसाहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"पान फाडून टाका," भाऊसाहेब म्हणाले.

"साहेब, पानांना नंबर आहेत," मी म्हटलं. "'या रजिस्टरमध्ये एकूण दोनशे पानं आहेत' असं पहिल्या पानावर प्रमाणपत्र आहे."

"कोनं देल्लं ते प्रमाणपत्र?"

"मीच."

पलीकडे भाऊसाहेबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "मंग राहू द्या तसंच. कोनाच्या ध्यानात येते? सोमवारी पालकसभा घेतो. तुमी ठराव खड्या आवाजात वाचा, सही दाखवा, अन् हे पोट्ट्यायचं नाटक संपवा. अन् वायाळ, तुमची पेन्शनची फाइल माह्याच टेबलावर येनार हाय, ध्यानात ठेवा."

फोन बंद झाला. तायडे सर खालच्या आवाजात म्हणाले, "आठ महिने राहिलेत हो तुमचे. कशाला उगाच." ते वाईट माणूस नव्हते. तेही प्रभारीच होते.

रविवारी मी घरी सर्टिफिकेटची झेरॉक्स समोर ठेवून बसलो. बायकोला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पेन्शनचं ऐकून ती गप्प राहा म्हणेल. तिनं एवढंच विचारलं, "अन् आपली मेघा असती त्या पोरीच्या जागी, त?" आणि उठून पोळ्या करायला गेली. मेघा आमची मुलगी.

सोमवारी अकरा वाजता हॉल भरला. पालक खुर्च्यांवर, पोरं मागं आणि भिंतीला टेकून. रोहित पहिल्या खांबाजवळ हाताची घडी घालून उभा. काकडे दाखला न्यायला आले होते, नामदेवनं त्यांना हॉलमध्ये बसवलं होतं. प्रतीक्षा त्यांच्या शेजारी, मान खाली. स्टेजवर भाऊसाहेब आणि तायडे सर.

भाऊसाहेबांनी खर्च कसा वाढला यावर पंधरा मिनिटं भाषण केलं. मग म्हणाले, "आमी काही मनानं केलं नाही. पोट्ट्यायच्या प्रतिनिधीची सही हाय. वायाळ, वाचून दाखवा."

मी रजिस्टर घेऊन माइकपुढं गेलो. वाचायला लागलो, नेहमीसारखं, सपाट आवाजात. तारीख वाचली. वार वाचला. "दुपारी तीन वाजता प्राचार्य कक्षात खालील सदस्य उपस्थित होते." नावं वाचली. शेवटचं नाव, "कुमारी प्रतीक्षा काकडे, विद्यार्थी प्रतिनिधी." ठराव वाचला.

"बसा आता," भाऊसाहेब म्हणाले.

"अजून एक कागद आहे साहेब," मी म्हटलं आणि खिशातून सर्टिफिकेट काढलं. "हाही मीच टाइप केलाय." तेही वाचलं. गाव वाचलं, सात दिवसांच्या तारखा वाचल्या, पूर्णवेळ सहभाग वाचलं, खालची सही कोणाची तेही वाचलं.

हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही आधी. मग मागून कुजबुज सुरू झाली.

मी म्हटलं, "म्हणजे त्या बुधवारी ही मुलगी सुलतानपुरात होती. इथं नव्हती. इथं कोणीच नव्हतं, मीटिंगच झाली नाही. सही तिची खरी आहे. पण सही केली तेव्हा पान कोरं होतं. ती म्हणाली होती, वाचू का. मी तिला वाचू दिलं नाही. वरचा ठराव मागाहून मी लिहिला. अक्षर माझं आहे, कोणीही ताडून बघा."

"वायाळ! खाली बसा!" भाऊसाहेब उभे राहिले. "ह्या मानसाचं डोस्कं फिरलं! शिबिरातून पोरगी एका दिवसासाठी आली असीन मीटिंगले. जीपनं किती वेळ लागते?"

मी सर्टिफिकेट परत वरपासून वाचायला लागलो. तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला.

"नाई आली." रोहित होता. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "त्या बुधवारी मी बी तठीच होतो. आमी शाळेमागची नाली खंदून राह्यलो होतो. मी फावडं घेतलेलं, प्रतीक्षा घमेलं उचलून राह्यली होती. सकाळपासून पार सायंकाळलोक." तो थांबला. त्याचा चेहरा पडला होता. "माह्या बाजूलेच होती अन् मी... मले आठवलंच नाही."

मग एकेक जण उठायला लागला. मी पण होतो. मी पण होती. आमच्या गटात होती. साठ पोरं होती शिबिराला, चाळीस तरी हॉलमध्ये असतील.

काकडे उठले. त्यांनी टोपी हातात घेतली होती. भाऊसाहेबांकडे त्यांनी बघितलंच नाही, मला विचारलं, "साहेब, म्हंजे माह्या पोरीनं काहीच नाही केलं?"

"नाही काकडे. तिनं नाली खंदली. बाकी सगळं मी केलं."

काही पोरं हसली. काकडे खाली बसले आणि त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. प्रतीक्षा तेव्हा रडली. इतके दिवस मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

पुढचं थोडक्यात. फीवाढ रद्द झाली नाही, 'पुढील निर्णयापर्यंत स्थगित' झाली. आमच्या भाषेत ते एकच. रीडिंग रूम पाच वाजेपर्यंत उघडी राहायला लागली. प्रॅक्टिकल परत आठवड्याला आले. लॅब असिस्टंटची जागा मात्र अजून रिकामीच आहे असं ऐकतो. एप्रिलमध्ये सीडीसीची पहिली खरी मीटिंग झाली. डॉक्टर आणि व्यापारी मेंबर दोन तास भांडले आणि चहा कमी पडला.

मला कारणे दाखवा नोटीस आली. मी एका ओळीत उत्तर दिलं, 'चूक मान्य.' पेन्शनची फाइल रिटायर झाल्यावर बरेच महिने फिरत राहिली. माझ्यासारख्याच एखाद्या ओएसनं कोणाला तरी 'सोमवारी या' म्हटलं असेल. माझी तक्रार नाही. एकतीस वर्षं मी शिक्के, झेरॉक्स मशीन, डॉक्टर, पोरं, मिसाळ मॅडम, सगळ्यांवर संशय घेतला. माझ्या स्वतःच्या सुवाच्य अक्षरावर कधी घेतला नाही. नव्या क्लार्कांना मी एवढंच सांगतो, की दिवसातून एकदा तरी आपलं लिहिलेलं दुसऱ्यानं लिहिलंय असं समजून वाचा.

रोहितनं प्रतीक्षाला परत ग्रुपमध्ये घेतलं. ती एका मिनिटात बाहेर पडली. परीक्षा तिनं दिली, पुन्हा पहिली आली.

निकालानंतर ती खरोखरच टीसी न्यायला आली. एमएस्सीला दुसरीकडे प्रवेश घ्यायचा होता. मी नवं पुस्तक काढलं, भरलं आणि खिडकीतून तिच्यापुढं सरकवलं. "इथं सही कर, पोच म्हणून."

तिनं पेन घेतलं नाही. वरपासून वाचायला सुरुवात केली. कॉलेजचं नाव, नोंदणी क्रमांक, तिचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी. खालच्या बारीक अक्षरातल्या सूचनाही. मागं रांग वाढत होती.

"सर, लवकर करा ना," मागचा एक पोरगा ओरडला.

"वाचू दे तिले," मी म्हटलं.

शेवटी तिनं एका जागी बोट ठेवलं. "सर, वर्तणुकीचा रकाना कोरा हाय. आधी भरा. मंग सही करते."

मी पुस्तक परत ओढलं, 'उत्तम' असं लिहिलं, शाई वाळू दिली आणि परत तिच्यापुढं सरकवलं.